फळांचं ग्लेझ लावलेलं हॅम: पहिल्यांदाच करतोय, सांभाळून घ्या

दमट काडेपेटी | १३ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

नाताळच्या जेवणाला आमच्याकडे अकरा माणसं आहेत आणि कुठल्याशा बेसावध क्षणी मी "हॅम माझ्याकडे लागलं" असं बोलून गेलोय. बायकोने ते सगळ्यांसमोर दोनदा वदवून घेतलं, त्यामुळे आता माघार नाही. हाडासकट साडेचार किलोचा अर्धा पाय आणून फ्रीझरमध्ये टाकलाय. वरून फळांचं ग्लेझ (गोड, दाट लेप) हवंय: चकचकीत, तपकिरी, शंकरपाळ्यासारख्या चौकटी पाडलेलं आणि प्रत्येक चौकटीत लवंग टोचलेलं.

ओव्हनमध्ये आजवर केलेला सर्वांत मोठा जीव म्हणजे एक कोंबडी. ती बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची निघाली होती. तर प्रश्न असे:

किती वेळ भाजायचं? ग्लेझ आदल्या रात्रीच फासून ठेवलं तर चांगलं मुरेल ना? आणि अननस ताजाच घ्यायचा ना, डबाबंद कशाला?

घाईघाईत | १३ डिसेंबर, रात्री १०:३१

वाचनखूण साठवली. फोटो टाका नक्की.

खमंगकाकू | १३ डिसेंबर, रात्री ११:०५

काडेपेटी, तिसऱ्या प्रश्नाला मी दचकलेच. त्यावर कोणीतरी लिहीलच. आधी एक काम कर. फ्रीझर उघड, पुडक्यावर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर वाच आणि इथे लिही.

हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी, मिठात मुरवलेली. पण दुकानात एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, खारवून, धुरी देऊन पूर्ण शिजवलेलं. हे नुसतं गरम करायचं असतं. दोन, खारवलेलं पण कच्चं. हे शिजवावंच लागतं. तीन, कोरडं मीठ चोळून महिनोन्महिने टांगलेलं. ते इतकं खारट असतं की आधी पाण्यात भिजत घालावं लागतं आणि ते पाणीही बदलावं लागतं. चार, मीठच न लावलेला ताजा पाय. तो भाजल्यावर पांढरट होतो, हॅमसारखा गुलाबी राहत नाही.

यातलं कुठलं आहे ते कळल्याशिवाय "किती वेळ" याला उत्तर नाही. माझ्या पहिल्या वेळी मी शिजवलेलं हॅम कच्चं समजून पाच तास भाजलं होतं. लाकूड परवडलं. सासरेबुवांनी एक घास खाल्ला आणि "ब्रेड छान आहे" म्हणाले.

दमट काडेपेटी | १४ डिसेंबर, सकाळी ७:४०

वाचलं. "पूर्ण शिजवलेले, धुरी दिलेले, पाणी मिसळलेले." आणि अगदी बारीक अक्षरात सोडियम नायट्राइट. हे शेवटचं वाचून बायको घाबरली आहे.

खमंगकाकू | १४ डिसेंबर, सकाळी ८:१५

म्हणजे निम्मं काम कारखान्यात झालंय. तुझं काम दोनच गोष्टींचं: वाळू न देता आतपर्यंत गरम करायचं आणि शेवटी वर रंग चढवायचा. लोक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायला जातात, तिथेच फसतात.

रसायनी | १४ डिसेंबर, दुपारी १:२२

नायट्राइटबद्दल: ते मापातच घातलेलं असतं आणि त्याची कामं दोन. बोट्युलिझमचा (प्राणघातक अन्नविषबाधेचा) जिवाणू वाढू देत नाही, आणि मांसाचा तो ठरावीक गुलाबी रंग टिकवतो. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, ते मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला रंग देणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि तापवल्यावर तो गुलाबी पक्का होतो. म्हणून खारवलेलं हॅम कितीही शिजवा, गुलाबीच दिसणार. रंगावरून शिजलं की नाही हे ठरवू नका, थर्मामीटर आणा.

जाता जाता, कापलेल्या फोडीवर कधीकधी हिरवट-जांभळी इंद्रधनुषी झाक दिसते. मांसाच्या तंतूंवरून प्रकाश फाकतो, बाकी काही नाही. वास चांगला असेल तर घाबरू नका. बुळबुळीतपणा किंवा आंबट वास आला तर मात्र थेट कचऱ्यात.

आता अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. कच्चा अननस जास्त खाल्ला की जीभ चरचरते ना? त्यात याचा हात आहे. त्याच कारणाने ताजा अननस घातलेली जेली कधी घट्ट होत नाही. आदल्या रात्री हॅमवर ताज्या चकत्या लावून ठेवल्या तर सकाळी वरचा थर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झालेला असेल. डबाबंद अननस तापवलेला असतो, त्यात हे विकर निकामी झालेलं असतं. ताजाच वापरायचा हट्ट असेल तर रस काढून खळखळून उकळा. पपई आणि किवीची गतही हीच.

सुरीला धार | १४ डिसेंबर, दुपारी २:०२

वरच्या प्रतिसादाला अनुभवाचा शिक्का मारतो. केलंय मी हे. चकत्या उचलल्या तर खाली गोल गोल खळगे, आणि सुरी लावली की फोड पडण्याऐवजी गिचका. पाहुण्यांना "पुल्ड हॅम" म्हणून वाढलं. हलके घ्या.

दुसरा गुन्हाही कबूल करून टाकतो. हाडाच्या टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकची चकती बसवलेली असते, हाड पुडक्यात घुसू नये म्हणून. ती काढायची असते हे मला तीन तासांनी कळलं. पुडकं उघडलं की आधी ती शोधा.

पालापाचोळा | १४ डिसेंबर, दुपारी ४:५०

मी शाकाहारी. फक्त ग्लेझसाठी आलोय. भाजलेल्या भोपळ्यावर चालेल का?

खमंगकाकू | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

पळेल.

काडेपेटी, आता वेळ आणि तापमान. फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आण, खाली ताट ठेव. दिवसाला साधारण दोन-सव्वादोन किलो सुटतं, म्हणजे तुझ्या धुडाला पुरते दोन दिवस, वर अर्धा दिवस हाताशी ठेव. ओट्यावर रात्रभर ठेवून सोडवू नकोस. बाहेरचं कोमट होऊन बसतं आणि मधे बर्फ तसाच.

ओव्हन १६० अंशांवर (सेल्सिअस). खोलगट ट्रेमध्ये कापलेली बाजू खाली, चरबीची बाजू वर. ट्रेमध्ये पेलाभर पाणी किंवा संत्र्याचा रस. वरून फॉइल कडेपर्यंत घट्ट दाबून. हाडासकट अर्ध्या पायाला किलोमागे ४० ते ५० मिनिटं धर. पण हा नुसता अंदाज. खरं तापमान थर्मामीटर सांगेल. सर्वांत जाड भागात खुपस, हाडाला टेकवू नकोस, आकडा फसवतो. शिजवलेल्या, बंद पुडक्यातल्या हॅमला आत ६० अंश पुरे. पुडकं दुकानातच फोडून पुन्हा बांधलेलं असेल तर ७४. आणि कोणी कच्चं करणार असेल तर किमान ६३, वर तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं.

ग्लेझ मुरत नाही रे बाळा! खारवलेलं, शिजवलेलं मांस आहे ते, आत काही शिरत नाही. ग्लेझ फक्त वर बसतं. त्यात साखरच साखर, म्हणजे तीन तास ओव्हनमध्ये राहिलं तर काळं आणि कडू. शेवटचा अर्धा तास, बस.

निम्मं मीठ | १४ डिसेंबर, रात्री ९:१४

काकूंना अनुमोदन, पण अननसच कशाला? माझं मत संत्र्याच्या मार्मालेडला (सालीसकट केलेल्या जॅमला). कारण सांगते. हॅम मुळात खारट, वर चरबी, त्यात धुरी. त्यावर नुसता गोडवा चढवला की तिसऱ्या घासाला तोंड मिटतं. काहीतरी आंबट हवं, थोडं कडवट हवं आणि नाकाला झोंबणारं हवं. मार्मालेडमधल्या सालीत कडवटपणा आयता आहे. शिवाय त्यात पेक्टिन (फळांतला घट्टपणा आणणारा पदार्थ) असतं, त्यामुळे ग्लेझ चिकटून बसतं. अननसाच्या रसात ते नसल्यासारखंच, म्हणून रस-साखरेचं ग्लेझ ओघळून ट्रेमध्ये जमा होतं आणि वर कोरडंच राहतं.

माझं माप, चार-साडेचार किलोला: मार्मालेड एक वाटी भरून (३०० ग्रॅमच्या आसपास), ब्राऊन शुगर अर्धी वाटी, संत्र्याचा किंवा डब्यातल्या अननसाचा रस अर्धी वाटी, झणझणीत मस्टर्ड दोन मोठे चमचे, सफरचंदाचं व्हिनेगर दीड चमचा, किसलेलं आलं, चिमूटभर लवंगपूड. मीठ अजिबात नाही. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं आटवायचं. एकतारी पाकाच्या जरा अलीकडे थांबायचं. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली की ती भरून येता कामा नये. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, हे लक्षात असू द्या. माझं एकदा इतकं आटलं की ब्रशचे केस त्यातच राहिले.

मार्मालेड नसेल तर जर्दाळूचा जॅम छान. चेरीचा रंग सुरेख येतो, पण तो फार गोड असतो, व्हिनेगर वाढवा.

आणि लवंगा टोचणार असाल तर मोजून टोचा आणि कापण्याआधी मोजून काढा. अख्खी लवंग दाताखाली आली की बाकी कशाचीच चव राहत नाही.

सुरीला धार | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

मार्मालेड म्हणजे नाश्त्याला पडलेलं ते शेवटचं बरणीभर दुःख. अननस आणि चेरी नसेल तर ते हॅम दिसतं का तरी?

निम्मं मीठ | १४ डिसेंबर, रात्री ९:४४

दिसण्याचं सोडा, तुमचं कापताही आलं नव्हतं.

सुरीला धार | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

:) शरण.

उशिरा उठणारी | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

माझा ओव्हन लहान आहे, पाय मावणारच नाही. शिवाय माझं खारवलेलं पण कच्चं आहे. काय करू?

खमंगकाकू | १५ डिसेंबर, दुपारी १२:१०

उकड. मोठ्या पातेल्यात बुडेल इतकं गार पाणी, एक कांदा, गाजर, तमालपत्र, मिरे. उकळी आली की आच कमी कर, पाणी नुसतं थरथरत राहायला हवं. खळखळलं की मांस दोरखंड होतं. किलोला ४५ मिनिटं धर आणि वर वीस मिनिटं. फेस काढत राहा. पहिल्या उकळीचं पाणी चाखून बघ, समुद्र असेल तर फेकून नवं घाल. आतलं तापमान मोजून खात्री झाली की कातडी सोल, चौकटी पाड, ग्लेझ लाव आणि २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यापुरतं मावत नसेल तर उकडून झाल्यावर हाडाजवळून दोन तुकडे कर. कोणी विचारणार नाही.

मला विचारशील तर कच्च्या हॅमला हीच पद्धत जास्त रसाळ. पण घरभर वास राहतो दोन दिवस.

दमट काडेपेटी | १८ डिसेंबर, रात्री १०:५०

रंगीत तालीम म्हणून हॅमची एक जाड चकती आणून तिच्यावर दोन्ही ग्लेझ करून पाहिले. अर्ध्या भागावर अननस-चेरी, अर्ध्यावर मार्मालेड. मुलीने अननस निवडला, बायकोने मार्मालेड. मी मार्मालेडमध्ये अननसाचा रस घालणार आहे. म्हणजे दोघीही नाराज राहतील.

एक शंका. ग्लेझ रम घालून केलं तर?

रसायनी | १८ डिसेंबर, रात्री ११:१५

चालेल. भांडं आचेवरून उतरवून घाला, मग पुन्हा ठेवा. गॅसच्या ज्योतीशेजारी बाटली उपडी करू नका, भुवया कामाच्या असतात.

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, सकाळी ९:२४

आत गेलं. ९:२० ला. प्लॅस्टिकची चकती सापडली. धार, तुमचं ऋण या जन्मात फिटणार नाही. इतकी पारदर्शक होती की दोनदा धुतलं तरी दिसली नव्हती, नखाला लागली म्हणून कळलं.

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, सकाळी ११:०२

आत ३१ अंश. फॉइल उचलून बघायचा मोह दोनदा आवरला.

खमंगकाकू | २५ डिसेंबर, सकाळी ११:१०

तिसऱ्यांदाही आवर. वाफ गेली की गेली. ५० च्या पुढे गेल्यावरच फॉइल काढ.

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, दुपारी १२:०९

५२. बाहेर काढलं, ओव्हन २०० वर केला. कातडीच्या कडेखाली सुरीचं टोक घालून बोटं सरकवली. गरम असताना ती अक्षरशः मोज्यासारखी निघाली, एका तुकड्यात. खाली पांढरीशुभ्र चरबी. ती बोटाच्या अर्ध्या पेराएवढी ठेवली, जास्तीची तासली. तिरप्या रेघा, दोन-दोन सेंटिमीटरवर, फक्त चरबीपुरत्या. एका ठिकाणी सुरी खाली मांसापर्यंत गेली आणि तिथून लगेच रस वाहायला लागला, तेव्हा कळलं की मांसाला का लावू नये म्हणतात. लवंगा ४३. पहिला हात ग्लेझचा लावून आत.

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, दुपारी १२:२१

धूर!!! घरभर धूर. धुराचा अलार्म केकाटतोय. हॅम ठीक दिसतंय. काय करू?

निम्मं मीठ | २५ डिसेंबर, दुपारी १२:२२

ट्रेमधलं पाणी आटलं असणार. ओघळलेली साखर कोरड्या ट्रेवर जळतेय. कपभर गरम पाणी ओता, गार नको, आणि तोंड बाजूला ठेवून ओता, वाफ उसळते. खिडक्या उघडा.

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, दुपारी १२:२८

थांबला. मुलगी टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालतेय. दुसरा हात लावला.

खमंगकाकू | २५ डिसेंबर, दुपारी १२:३०

आता तिथून हलू नकोस. शेवटच्या दहा मिनिटांत तपकिरी आणि काळं यांच्यात फार अंतर नसतं. हाडाकडचं टोक आधी जळतं, त्यावर फॉइलचा तुकडा टाक.

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, दुपारी १२:४३

६०. बाहेर. चौकटींच्या कडा वर उचलल्यात, त्यांच्या टोकांवर गडद तपकिरी आणि मधल्या खाचांत ग्लेझ साचून मधासारखं चमकतंय. मार्मालेडच्या सालीचे तुकडे कुरकुरीत झालेत, एक चोरून खाल्ला. आता वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलंय. मीच सोडून सगळे पाळतायत.

घाईघाईत | २५ डिसेंबर, दुपारी १२:५१

फोटो???

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, रात्री ११:३०

फोटो एकच आला आहे आणि त्यात धुरामुळे हॅमपेक्षा खिडकी जास्त स्पष्ट आहे. माफी.

सविस्तर हिशेब. साडेचार किलोला ३ तास २० मिनिटं लागली, म्हणजे किलोला ४४-४५ मिनिटं, काकूंच्या मापात बरोबर. कापताना आधी हाडाच्या कडेने उभी सुरी घालून मोठा तुकडा सोडवला आणि मग तंतूंना आडव्या फोडी केल्या. फोडी ओलसर होत्या, कडेला ग्लेझची जाडसर रेघ. पाहुण्यांपैकी दोघांनी कडेचे तुकडेच मागून घेतले. अकरा माणसांत किलो-सव्वा किलो उरलं. माणशी हाडासकट ३०० ते ३५० ग्रॅम पुरतं असं आता माझंही मत.

दोन चुका: ट्रेमधलं पाणी बघितलं नाही आणि ग्लेझ जास्त केलं. उरलेलं वाटीत घालून टेबलावर ठेवलं, तर हॅमआधी तेच संपलं.

लवंगा काढल्या ४२.

निम्मं मीठ | २५ डिसेंबर, रात्री ११:४१

४२??

दमट काडेपेटी | २५ डिसेंबर, रात्री ११:४३

तीनदा मोजल्या. कोणी तक्रार केली नाही, मीही विषय काढला नाही.

खमंगकाकू | २६ डिसेंबर, सकाळी ८:०५

शाब्बास. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं होतं ना? तीन-चार दिवसांत संपव, नाहीतर फोडी करून फ्रीझरमध्ये टाक, महिना-दोन महिने चव टिकते. आणि हाड फेकलंस तर या धाग्यावर पुन्हा येऊ नकोस. सोललेले सुके वाटाणे, कांदा, गाजर आणि ते हाड, दोन-अडीच तास मंद आचेवर. वाटाणे विरघळून दाट सूप होतं. मीठ अगदी शेवटी, चाखून.

पालापाचोळा | २६ डिसेंबर, सकाळी १०:३०

निम्मं मीठ यांच्या मापाच्या एक चतुर्थांश ग्लेझ भोपळ्याच्या फोडींवर लावलं, शेवटची पंधरा मिनिटं. कडा सुंदर झाल्या. मस्टर्ड जरा कमी चाललं असतं. धूर झाला नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

उशिरा उठणारी | २६ डिसेंबर, दुपारी १२:४५

माझं उकडलेलं हॅम मस्त झालं! पहिलं पाणी खरंच समुद्र होतं, फेकलं. पातेल्याचं झाकण बसत नव्हतं, त्यावर पोळपाट ठेवला. पडदे मात्र धुवायला टाकावे लागणार.

दमट काडेपेटी | २८ डिसेंबर, रात्री ९:१७

हाडाचं सूप झालं. अडीच तासांत हाडावरचं उरलेलं मांस आपोआप गळून पडलं, वाटाण्यांचा मागमूस नाही, चमचा उभा राहील इतकं दाट.

त्रेचाळिसावी लवंग सापडली. माझ्याच दाताखाली.